समुद्र कोणाचा?

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल. नाहीतर मुलांच्या करिअरवर बोल." मी म्हटलं, समुद्रावर बोलते. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग प्रश्न आला, "नगरमध्ये? समुद्रावर?"

प्रश्न रास्त आहे. आपण शिकलो ते अहमदनगर, आता अहिल्यानगर, आणि आपल्या तोंडी कायमचं नगर. इथून सरळ रेषेत मोजलं तरी समुद्र जवळजवळ २०० किलोमीटर लांब. आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. त्या सहलीपासूनच सुरुवात करते, कारण तिथली एक गोष्ट मी ३१ वर्षं कुणाला सांगितलेली नाही. आमच्या बाकावरच्या तिघी-चौघींना ती ठाऊक आहे, आणि बाईंना.

जानेवारी १९९५. नववीची सहल. एसटीचा लाल डबा, वरंधा घाटात अर्ध्या गाडीला लागलेली उलटी, आणि रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातल्या शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर मुक्काम. गावाचं नाव सांगत नाही, चूक गावाची नव्हती. पहाटे आम्ही चौघी बाईंना न सांगता किनाऱ्यावर गेलो. वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखे पट्टे होते. गावातला एक मुलगा भेटला. त्याने काठी वाळूत खुपसत खुपसत एक मऊ जागा शोधली आणि हाताने उकरायला सुरुवात केली. आत पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी अंडी. शंभराच्या वर असतील. कासवाची, असं तो म्हणाला. आम्ही ती ओंजळीत घेतली, एकमेकींकडे फेकली, फुटतात का ते पाहिलं. फुटली.

बाई शोधत आल्या. त्यांनी कुणाला मारलं नाही. उरलेली अंडी परत खड्ड्यात ठेवायला लावली, वाळू ओढायला लावली. मग तिथेच बसवून विचारलं, "हा समुद्र कोणाचा?" एक म्हणाली भारताचा. एक म्हणाली कोळ्यांचा. मी म्हटलं, देवाचा, म्हणजे विषय संपेल. बाई म्हणाल्या, "किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत आपला. त्यापुढे कोणाचाच नाही. आणि जे कोणाचंच नसतं त्याचं काय होतं, ते तुम्ही आत्ता करून दाखवलंत."

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. ते वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. कळायला बरीच वर्षं लागली.

कसं कळलं ते सांगते. २०१९ च्या मार्चमध्ये लेकीला घेऊन वेळासला गेले. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून आपल्याला इतिहासात होतं. आता ते कासवांसाठी ओळखलं जातं. २००२ पर्यंत तिथेही किनाऱ्यावरचं जवळजवळ प्रत्येक घरटं उकरलं जायचं. अंडी खायला किंवा विकायला. चिपळूणच्या भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्या वर्षी गावकऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. जी माणसं अंडी शोधण्यात तरबेज होती, तीच राखणदार झाली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. लोक पाहायला येऊ लागले, घराघरांत पाहुण्यांची सोय झाली आणि कासवापासून गावाला दोन पैसे मिळू लागले. पुढे वन विभागाने आणि राज्याच्या कांदळवन कक्षाने हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही नेलं.

आम्ही पाहिलं ते असं. वाळूत कुंपण घातलेली जागा. आत प्रत्येक घरट्यावर उलटी टोपली, तारखेची पाटी. पहाटे कासवमित्र एकेक टोपली उचलून पाहतो. एका टोपलीखाली वाळू हलत होती. थोड्या वेळाने तळहाताच्या निम्म्या आकाराची पिल्लं दोरीपलीकडून पाण्याकडे निघाली. लेक टाळ्या वाजवत होती. मी काही बोलू शकले नाही. तिने विचारलं, "आई, रडतेस का?" मी म्हटलं, वारं आहे.

परत आल्यावर मी हिशेब मांडला. इंजिनिअरला दुसरं काय येतं? ऑलिव्ह रिडलेच्या एका घरट्यात साधारण १०० ते १५० अंडी. हजार पिल्लांमागे एखादंच मोठं होतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे त्या पहाटे आपण पुरतं एक कासवही मारलं नाही. फार तर एक दशांश. या उत्तराने मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, किनाऱ्यावरचं प्रत्येक घरटं उकरणाऱ्या प्रत्येकाला हाच हिशेब लागू होतो. एका घरट्याने काही होत नाही, हे अगदी खरं आहे, आणि तसं म्हणता म्हणताच किनारे रिकामे झाले.

आपल्याला हे समजायला समुद्रापर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे गायरान आहे. गायरान सगळ्या गावाचं, म्हणून कोणाचंच नाही. माझी एक शेळी जास्त चरली तर काय बिघडतं? कोपऱ्यात माझा एक गोठा आला तर काय बिघडतं? वीस वर्षांनी गायरान फक्त सातबाऱ्यावर उरतं. तेही टिकवणारी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत. हिवरे बाजारला नेमकं काय केलं? कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. बोअरवेलचं पाणी शेतीला वापरायचं नाही. ऊस नाही, केळी नाही. पाऊस किती पडला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. जमिनीखालचं पाणीही कोणाचंच नव्हतं. गावाने बसून मर्यादा घालून घेतली, तेव्हा ते सगळ्यांचं झालं.

समुद्राचंही तसंच आहे, फक्त गायरान मोठं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे देशाच्या हद्दीतलं पाणी. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटर, मासे, तेल, खनिजं यांवर त्या देशाचा हक्क. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याने हे ठरलं. त्यापलीकडे खुला समुद्र. जगातल्या समुद्राचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग हा असा, कोणाच्याच हद्दीत नसलेला. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं, त्या देशाने त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हाच मुख्य बंदोबस्त. तिथे राखीव क्षेत्र करायचं म्हटलं तर ते कोणी आणि कशाच्या आधारे जाहीर करायचं, याचा सगळ्या जगाला लागू होणारा नियम नव्हता.

तो नियम आता झाला आहे. जवळजवळ वीस वर्षांच्या चर्चेनंतर १९ जून २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठीचा करार मंजूर झाला. भारताने २५ सप्टेंबर २०२४ रोजी त्यावर सही केली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी ६० देशांची मान्यता पूर्ण झाली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. त्यात मुख्य चार गोष्टी आहेत. खुल्या समुद्रात राखीव क्षेत्रं करता येतील, आणि एकमत झालं नाही तर मतदानाने करता येतील. एकट्या देशाला अडवून धरता येणार नाही. मोठं काम काढण्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासावं लागेल. तिथल्या जीवांपासून औषधं वगैरे निघाली तर त्याचा फायदा वाटून घ्यावा लागेल. आणि गरीब देशांना यासाठीचं तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण द्यावं लागेल. थोडक्यात, ही जगातल्या देशांची ग्रामसभा आहे आणि विषयपत्रिकेवर गायरान आहे.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. देशांचं देश बघतील. ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा यात काय संबंध?

अधिकाराने म्हणाल, तर काही नाही. वेळासच्या ग्रामपंचायतीची सत्ता वाळूपर्यंत आहे, लाटेपुढे नाही. पण तिने वाळू राखली नसती तर पुढचा करार कोणासाठी करायचा होता? २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा हा उपक्रम होता. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच झालं. ऑफिसच्या संगणकावर एका कोपऱ्यात मी तिचा नकाशा उघडून ठेवायची. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री नावाच्या मादीला यंत्र बसवलं, ती दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेपर्यंत गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरलाच एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पंखाला आधीच बिल्ला होता. तो मार्च २०२१ मध्ये ओडिशात लावलेला. साधारण ३,५०० किलोमीटर. लिट्ल अंदमानवर यंत्र बसवलेली लेदरबॅक कासवं तर खुला समुद्र ओलांडून एकीकडे आफ्रिकेच्या आणि दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या दिशेला गेली. कासवाला हद्द कळत नाही. त्याच्या आयुष्यातला एक तुकडा ग्रामपंचायतीकडे असतो, एक राज्याकडे, एक देशाकडे आणि एक कोणाकडेच नसतो. साखळीतली एक कडी तुटली तरी बाकीच्यांनी केलेलं वाया जातं.

राज्याने आपली कडी काही अंशी सांभाळली आहे. कासव, देवमासा असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि कोळ्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ पासूनची योजना आहे. मला ती फार शहाणपणाची वाटते. ज्याचं जाळं फाटतं त्याच्याकडूनच नुसत्या भूतदयेची अपेक्षा करणं सोपं असतं. खर्च वाटून घेणं अवघड.

आता नगरकडे येते. आपल्याकडे वाळू आहे, पण ती नदीची, आणि तिचं काय होतं ते मी सांगायला नको.

सातवीच्या भूगोलाच्या वहीत आपण जिल्ह्याचा नकाशा काढायचो, आठवतो? मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्याला गोदावरीला. शहरातून जाते ती सीना भीमेला, भीमा कृष्णेला. अकोल्याच्या घाटमाथ्यावरून पश्चिमेला उतरणारं पाणी सोडलं, तर आपल्या जिल्ह्यात पडलेला थेंब शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे जिथे समुद्राला मिळते, तिथल्या किनाऱ्यांवरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. आपल्या उसाला पडलेल्या आणि पिकाने न घेतलेल्या युरियाला, आपल्या ओढ्यातल्या गुटख्याच्या पुड्यांना वाटेत धरणं अडवतात, सगळं पोहोचतं असं नाही. पण वाट मोकळी आहे, आणि पुराच्या वर्षी ती फार मोकळी असते.

माझं माहेर नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या जवळ. गावाचं नाव नको. २०२४ च्या दिवाळीत मी ग्रामपंचायतीत जाऊन गावची लोकजैवविविधता नोंदवही मागितली. हे काय, असं बऱ्याच जणांना वाटेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं आहे. त्या समितीने गावातली झाडं, पिकं, पक्षी, मासे, औषधी वनस्पती, जाणकार माणसं यांची नोंदवही करायची. कल्पना अतिशय चांगली. वही बऱ्याच शोधानंतर कपाटात सापडली. उघडली, आणि माशांच्या यादीत पहिलं नाव होतं बांगडा. दुसरं पापलेट.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले. आमच्या ओढ्यात पापलेट. कोणीतरी कोकणातल्या गावाची वही उचलून वरचं नाव बदललं होतं. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात आणि ते आम्हीही रोज करतो, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. पण एक गोष्ट धंद्यातूनच शिकले आहे. मोठ्या प्रणालीत एखादा भाग असा असतो की तो सगळे वापरतात आणि त्यावर कोणाचंच नाव नसतं. रात्री दोन वाजता जे बंद पडतं ते नेमकं तेच. त्यावर उपाय एकच: कोणाचं तरी नाव लिहा, आणि आत काय आहे याची खरी यादी करा. खोट्या यादीपेक्षा यादी नसलेली बरी, कारण खोटी यादी असली की काम झालं असं वाटतं.

म्हणून गावातल्या शाळेची आठवी-नववीची मुलं आणि दोन शिक्षक यांना घेऊन माशांचं पान नव्याने लिहायला बसलो. नदीवर जाळं टाकण्यात आयुष्य गेलेले एक भोई आजोबा आहेत, ते सांगत गेले, मुलं लिहीत गेली. मरळ. शिंगाळा. खवली. चिलापी, "ही बाहेरून आलेली, हिने बाकीच्यांना खाल्लं." मग ते थांबले आणि म्हणाले, "मोठी वाम लिव्हा. हाताएवढी जाड, सापासारखी. नाथसागर झाल्यापासून नाही दिसली." एका मुलीने विचारलं, "मग आता लिहू का नको?" आजोबा म्हणाले, "लिही की. व्हती म्हणून लिही."

घरी येऊन मी वाचत बसले. गोड्या पाण्यात वाढणाऱ्या खऱ्या वामची, ईलची, जन्मकथा उलटी आहे. ती नदीत वाढते, पण अंडी घालायला समुद्रात जाते, तेही किनाऱ्याजवळ नाही, दूर खोल समुद्रात. तिथे पिल्लं जन्मतात, प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला लागतात आणि नदी चढून आत येतात. युरोपातली वाम अशी सारगासो समुद्रात जाते, आणि तो बराचसा खुल्या समुद्रात येतो. नव्या कराराखाली जी राखीव क्षेत्रं व्हावीत असं बोललं जातं, त्यांत त्याचं नाव पुढे आहे. आपल्या गोदावरीची, कृष्णेची वाम हिंदी महासागरात जाते. आजोबांनी सांगितलेलं वर्णन तिच्याशी जुळतं. पैठणचं धरण १९७६ साली झालं. आजोबांचा आणि धरणाचा हिशेबही जुळतो.

म्हणजे बघा. ज्या समुद्राशी आपला काय संबंध असं मी आयुष्यभर धरून चालले, तिथून एक प्राणी माझ्या गावच्या नदीत येत होता आणि परत जात होता. संबंध होता. आपण तो तोडला, आणि तोडला हेही आपल्याला माहीत नव्हतं. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. जायकवाडीच्या पाण्यावर किती घरं उभी आहेत ते मला ठाऊक आहे. पण काय गेलं, ते वहीत तरी हवं.

मग मी ग्रामसभेत तीन मुद्द्यांचा ठराव मांडायचं ठरवलं. एक, नोंदवही नव्याने आणि खरी लिहायची. दोन, ओढा प्रवरेला मिळतो त्याआधी प्लास्टिक अडवणारी जाळी बसवायची आणि ती पावसाळ्याआधी व नंतर साफ करायची. तीन, खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीच्या रक्षणाला गावाचा पाठिंबा आहे आणि आपल्या देशाने त्यासाठीचे कायदे-नियम लवकर करावेत, असं पत्र आपल्या खासदारांना पाठवायचं.

तिसऱ्या मुद्द्याला मला जगातली उदाहरणं होती. अण्वस्त्रांविरुद्ध हिरोशिमाच्या महापौरांनी १९८२ साली महापौरांची संघटना उभी केली. कुठल्याच महापौराच्या हातात अणुबॉम्ब नसतो. २०१७ साली अमेरिका पॅरिस करारातून बाहेर पडणार असं जाहीर झालं, तेव्हा तिथल्या शेकडो शहरांनी आम्ही करार पाळू असं जाहीर केलं. आपल्याकडे माझी वसुंधरा अभियानात ग्रामपंचायती पंचतत्त्वांवर काम करतातच. त्यातलं जल म्हणजे फक्त नळाचं पाणी नव्हे.

२ ऑक्टोबर २०२५ च्या ग्रामसभेला मी सुट्टी काढून गेले. पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्याचं काय झालं, हे तुम्ही पाहिलं, भोगलं आहे. पाथर्डी-शेवगावच्या मित्रांना मी काय सांगू? सगळी सभा पंचनाम्यांत गेली आणि ती तशीच जायला हवी होती. मी कागद पिशवीतून काढलाच नाही. परतताना ओढ्यावर थांबले. पूर ओसरला होता आणि बाभळींना उंचावर पिशव्या लटकल्या होत्या. त्याखालच्या पुढे गेल्या होत्या. एका पावसावरून हवामानाचा निष्कर्ष काढू नये. पण पृथ्वीवर वाढलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे, आणि आपला पाऊस त्याच समुद्रातून येतो, मोसमी असो की परतीचा. तो आपल्याला लांब आहे असं फक्त आपण समजतो.

नंतरच्या ग्रामसभेत विषय आला. पहिला मुद्दा मंजूर. दुसरा मंजूर, आणि जाळीचा खर्च पंधराव्या वित्त आयोगातून होईल का ते पाहायचं ठरलं. तिसऱ्याला एकजण म्हणाले, "ताई, आमच्या रस्त्याचं पत्र चार वर्षं कोणी वाचलं नाही, समुद्राचं कोण वाचणार?" लोक हसले. मला उत्तर सुचलं नाही. भोई आजोबा मागे बसले होते. ते उठून एवढंच म्हणाले, "वाम परत यायची असंल तर तिच्या घरी बी सांगावं लागंल." काही क्षण कोणी बोललं नाही. गोष्टीत असतं तर ठराव इथे टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला असता. तसं झालं नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "तिसरा मुद्दा पुढील सभेत विचारार्थ ठेवावा."

मी निराश नाही. माझ्या गावच्या इतिवृत्तात खुल्या समुद्राचा विषय नोंदला गेला आहे, विचारार्थ का होईना. ती पुढची सभा १ मेची. मी जाणार आहे. आणि त्या भाऊंना उत्तर म्हणून मला एक गोष्ट हवी आहे, जी तुमच्याकडे आहे. एका गावाचं पत्र कोणी वाचत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. चाळीस गावांचं पत्र वाचावं लागतं.

आपल्या तुकडीत आज दोन सरपंच आहेत, एक माजी नगरसेविका, तीन ग्रामसेवक, साखर कारखान्यातले दोन केमिस्ट, आणि शिक्षक तर किती ते मोजलेच नाहीत. सीना काठचे आहेत, भीमा काठचे आहेत, कोपरगावचे म्हणजे थेट गोदावरीचे आहेत. मी तुमच्याकडे पैसे मागत नाही. आपापल्या गावात किंवा वॉर्डात जाऊन जैवविविधता नोंदवही दाखवा म्हणा. पापलेट निघालं तर मला फोन करा. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून ती खरी लिहा. लिहिण्यासाठी साधं, मराठी, मोबाईलवर चालणारं ॲप मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी केलं आहे, फुकट आहे. त्यात प्रत्येक जीवापुढे तीन रकाने आहेत: आहे, कमी झाला, होता. आणि ठरावात तिसरा मुद्दा घाला. शब्द तुमचे ठेवा, माझे नकोत.

त्या चार मुलींनी त्या पहाटे जे केलं, त्याची यातून भरपाई होते का? नाही. उरलेली अंडी आपण पुन्हा पुरली, पण हाताळलेली, उलटीपालटी झालेली अंडी उबतीलच असं नाही, हे मला वेळासला कळलं. बाई, तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आज जेवताना विचारणार आहे.

तोवर मागच्या रांगेत मी एक वही घेऊन बसते. तुमचं गाव, तालुका, आणि तुमच्या ओढ्याचं पाणी कोणत्या नदीला जातं, एवढं लिहून द्या. ज्यांना तिसरं माहीत नाही त्यांनी भूगोलाच्या बाईंना विचारा.